भिंत उशिरा उत्तर देते

रंगकाम शिकायला आलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीचे कित्येक महिने ब्रश येत नाही. येतो तो पत्रा, म्हणजे खरवडायची आणि पुट्टी ओढायची पातळ पट्टी, पॉलिश पेपर आणि झाडू. सुटलेले पोपडे खरवडायचे, भेगा उकरायच्या, त्या भरायच्या, सुकल्या की घासायच्या, धूळ पुसायची, फरशीवर कागद अंथरायचे आणि काम आटोपलं की उस्तादांचे ब्रश धुऊन, केस सरळ करून ठेवायचे. घरी कुणी विचारलं, आज काय शिकलास, तर सांगण्यासारखं काही नसतं. बरीच मुलं याच काळात धंदा सोडून जातात. त्यांना वाटतं, आपल्याला नुसतं राबवून घेतायत. अनेकदा ते खरंही असतं.

मी याच वाटेने आले. आधी रंगकाम, मग जिप्समचं प्लास्टर, पुढे थोडं टाइलकाम. आता माझ्या हाताखाली शिकणारी मुलंमुली असतात. इमारत उभी करणारे निघून गेले की आम्ही येतो. त्या घरात राहणाऱ्यांना रोज जे दिसतं आणि हाताला लागतं, ते आमचं काम. या कामांची उमेदवारी, म्हणजे शिकाऊ म्हणून काढायचा काळ, किती लांब असावी, तिच्यात काय शिकवावं, शिकणाऱ्याला काय द्यावं, हा विचार माझ्या डोक्यात सतत चालू असतो. त्यातून एक मत पक्कं झालंय. लोक समजतात, हात बसायला वर्षं लागतात. हात बऱ्यापैकी लवकर बसतो. वर्षं लागतात, कारण भिंत उशिरा उत्तर देते.

सिमेंटचं नवं प्लास्टर घ्या. आठवड्याभरात ते हाताला कोरडं लागतं, रंगही उजळतो. पण आतली ओल निघायला वेळ लागतो, म्हणून साधारण चार आठवडे थांबायचा ठोकताळा आहे. त्यात ताजं सिमेंट कमालीचं अल्कधर्मी असतं, पीएच १२च्या वर. त्यावर घाईने ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा आणि भिंतीतल्या अल्काचा मिळून साबण होतो. हे मी अलंकारिक बोलत नाही, रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो साबणच असतो. रंग मऊ, चिकट पडतो आणि सुटायला लागतो. पण काम संपलं त्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही. भिंत झकास दिसते, मालक खूश होतात, हिशेब चुकता होतो, शिड्या उचलल्या जातात. फोड येतात ते पुढे कधीतरी. तोवर शिकाऊ मुलगा तिसऱ्याच भिंतीसमोर उभा असतो आणि त्याच्या मनात ती पहिली भिंत ‘छान जमली’ म्हणून कायमची नोंदली गेलेली असते.

फिनिशिंगमधल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचं असंच आहे. घासल्यावर धूळ पुसली नाही, तरी प्रायमर बसल्यासारखा दिसतो. रंगात पाणी जास्त घातलं, तरी दोन हात मारलेले असतातच. समजा, डब्यातल्या रंगात ४० टक्के घन भाग आहे. १०० मायक्रॉनचा ओला थर दिला, तर सुकल्यावर ४० मायक्रॉन उरतात. रंगाइतकंच पाणी त्यात ओतलं, तर तेवढ्याच ओल्या थराचे २० उरतात. हा फरक भिंतीकडे बघून कळत नाही. कुणीतरी ओल्या फडक्याने डाग पुसायला जातं आणि फडक्यावर रंग येतो, तेव्हा कळतो.

टाइलकामात तर हे फारच लपून राहतं. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मध्ये मसाल्याचे गोळे ठेवून दाबलं की ती पटकन लेव्हलला येते. काम भराभर पुढे सरकतं. पण मागे पोकळी राहते, पाणी त्यात साठतं, आणि वर काही जड पडलं की नेमका पोकळीवरचा भाग तडकतो. अमेरिकेतल्या टाइलकामाच्या मानकात कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि पाण्याच्या जागी ९५ टक्के भाग मसाल्याला धरलेला असावा असं म्हटलंय. ते तपासायचा खात्रीचा उपाय एकच. नुकतीच बसवलेली टाइल उचकटायची आणि उलटी करून बघायची. शिकणाऱ्याच्या अगदी जिवावर येतं. एवढी मेहनतीने गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणि लेव्हलला बसवलेली टाइल काढायची? मी काढायला लावते. पाठीवर दातेरी थापीच्या ओळी जशाच्या तशा उभ्या असतील, तर मसाला दबलेलाच नाही. ओळी मोडून एकजीव झाल्या असतील आणि कडेपर्यंत मसाला आला असेल, तर काम झालं. काढलेली टाइल पुसून, नवा मसाला लावून परत बसवायला काही मिनिटं लागतात. पण तिची पाठ पाहिलेला मुलगा पुढच्या टाइलवर हात किती जोराने दाबायचा आणि ती किती सरकवायची हे आपोआप बदलतो. शब्दांनी ते समजावता आलं नसतं.

इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची ठरवली होती. १७७६मध्ये अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने तिच्यावर सणसणीत टीका केली. त्याचं म्हणणं असं की, घड्याळासारखी अवघड वस्तू कशी बनवायची हेदेखील काही आठवड्यांत समजावून सांगता येतं, बाकी उरतो तो सराव. त्यापेक्षा मुलाला पहिल्यापासून केलेल्या कामाचे पैसे द्या आणि त्याने नासवलेल्या मालाचे पैसे त्याच्याकडून घ्या, तो जास्त मन लावून शिकेल. पुढे १८१४मध्ये ती सक्ती गेली. सात वर्षं फुकट राबवण्याविरुद्ध तो बोलला, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. पहिल्या दिवसापासून मजुरी हे तर मी अगदी उचलून धरते. पण दोन ठिकाणी माझं त्याच्याशी जमत नाही. घड्याळ चालतं किंवा बंद पडतं, त्याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. भिंतीचा लागत नाही. आणि नासलेल्या मालाचे पैसे शिकणाऱ्याच्या मजुरीतून कापायला लागलात, की तो नासाडी लपवायला शिकतो. लपवण्यासाठी याच्याइतका सोयीचा धंदा दुसरा नाही. वर एक हात मारला की खालचं सगळं झाकलं जातं.

जर्मनीत रंगाऱ्याची उमेदवारी अजूनही तीन वर्षांची आहे. मुलगा एखाद्या कारागिराच्या कंपनीत पगारावर काम करतो आणि त्याच काळात व्यवसायशाळेतही जातो. दोन वर्षांनी थांबायचं असेल तर त्या टप्प्यालाही एक वेगळी पात्रता मिळते. पण मला त्यांच्याकडची जास्त शिकवणारी गोष्ट वाटते ती टाइलवाल्यांची. २००४मध्ये तिथल्या सरकारने ५३ व्यवसायांमधली एक अट काढून टाकली. स्वतःचा धंदा सुरू करण्याआधी ‘मास्टर’ची परीक्षा उत्तीर्ण असण्याची ती अट होती. टाइल, फरशी, लाकडी जमीन यांची कामं त्यात होती. हेतू चांगला होता, धंद्यात शिरणं सोपं व्हावं असा. टाइल बसवणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, पण एकेकट्याने काम करणारे फार झाले, आणि एकटा माणूस शिकाऊ ठेवत नाही. शिकणारे घटत गेले. शेवटी २०२०मध्ये १२ व्यवसायांना ती अट पुन्हा लागू झाली. या १२मध्ये टाइल बसवणारे आहेत, लाकडी जमीन घालणारे आहेत, घराची अंतर्गत सजावट करणारेही आहेत. बहुतेक आमचीच जातकुळी. परीक्षेची सक्ती हाच एक उपाय आहे असं मी म्हणणार नाही. परीक्षा पास होऊनही हाताखालच्यांना काही न शिकवणारे लोक असतातच. पण शिकवायला फुरसत असलेला, चार माणसं धरून असलेला कारागीर धंद्यातून नाहीसा झाला, की त्याच्यामागे काय काय जातं, ते या सोळा वर्षांत स्पष्ट दिसलं.

चौरस फुटावर काम घेणाऱ्याची अडचण मला कळते. त्याला थांबणं परवडत नाही. शिकाऊ मुलाला कड काढायला दिली तर दुप्पट वेळ जातो, वर ती पुन्हा सरळ करावी लागते. म्हणून मुलगा वर्षानुवर्षं घासतच राहतो. घासण्यात तरबेज होतो, पण आपण का घासतोय हे त्याला ठाऊक नसतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पहिले महिने घासण्यात जावेत हे मला मान्य आहे, त्याला पर्याय नाही. पण त्या घासण्याला कारण जोडून द्यायला पैसे पडत नाहीत.

मी पहिल्याच आठवड्यात दिवा दाखवते. भिंतीला जवळजवळ टेकवून एक दिवा धरायचा, प्रकाश भिंतीच्या अंगाने सरकला पाहिजे. समोरून बघताना आरशासारखी वाटलेली भिंत एका क्षणात उघडी पडते. प्रत्येक फुगवट्याला सावली, प्रत्येक खड्ड्याला कड. पत्रा जिथे उचलला तिथे पुट्टीची बारीक धार राहिलेली असते, तीही दिसते. शिकणाऱ्याच्या हातात पेन्सिल द्यायची आणि जे जे दिसेल त्याला गोल करायला सांगायचं. मग दिवा बंद करून डोळे मिटायचे आणि त्या गोलांवरून तळहात फिरवायचा. आधी काहीच जाणवत नाही. दिवा, हात, पुन्हा दिवा असं काही आठवडे चाललं की तळव्याला धार कळायला लागते, आणि दिव्याविना नुसत्या चालत्या हाताने मुलगा म्हणतो, इथे अजून आहे. पुट्टीची कड घासून शून्यावर कशी आणायची, १२० नंबरच्या पेपरवरून थेट वर उडी न मारता आधी १८० आणि मग २२०वर का जायचं, चकचकीत रंग खालची प्रत्येक खोड का दाखवतो आणि मॅट रंग ती का झाकतो, हे सगळं या दिव्याच्या उजेडात एकमेकांशी जोडलं जातं. या मुलाला घासणं कंटाळवाणं वाटत नाही असं मी म्हणत नाही. कंटाळवाणं ते आहेच. पण आता त्याला कळतं, कधी थांबायचं.

प्लास्टरमध्ये हीच गोष्ट वेळेची असते. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडून जातं. त्या भुकटीत पाणी घातलं की ती ते परत ओढून घेते आणि घट्ट होते. त्या मधल्या अवधीत एक अशी घडी येते की तेव्हा थापी फिरवली तर पृष्ठभाग घोटून निघतो. आधी फिरवली तर माल ओढला जातो, नंतर फिरवली तर ओरखडे उठतात. घड्याळ इथे अर्धवटच उपयोगी. हवा, भिंत किती पाणी शोषते, पाणी किती घातलं, सगळ्यांवर ते ठरतं. बोट टेकवायचं आणि ठसा किती उमटतो ते बघायचं. शेजारी कुणीतरी जाणतं उभं राहून “आता” म्हणणारं लागतं, निदान पहिले काही महिने.

आता शरीराबद्दल. हा भाग लिहिताना मला शांत राहता येत नाही.

भिंतीसारखंच शरीरही उशिरा उत्तर देतं, आणि या धंद्यात सगळ्यात जास्त धूळ शिकाऊच्या वाट्याला येते. जुना रंग खरवडायचं काम कुणाचं? त्याचं. टाइल कापताना पाणी ओतत जवळ कोण उभं राहतं? तोच. फार पूर्वीपासून रंगाऱ्यांचं विष होतं ते पांढरं शिसं. १९२१मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यावर एक करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरायचं नाही, काही अपवाद वगळून, असं त्यात ठरलं. जिथे ते वापरलं जाईल, तिथे १८ वर्षांखालची मुलं आणि सर्व स्त्रिया यांना त्या कामावर ठेवायचं नाही, असंही ठरलं. पण त्याच्या पुढच्याच ओळीत एक सवलत आहे. मालक आणि कामगारांच्या संघटनांशी बोलून अधिकाऱ्यांना या मनाई केलेल्या कामावर रंगाऱ्यांचे शिकाऊ ठेवायची परवानगी देता येईल, त्यांच्या धंद्याच्या शिक्षणासाठी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा लहान आहे म्हणून त्याला विषापासून दूर ठेवा, पण तो शिकतोय म्हणून जवळ येऊ द्या. शिक्षणाच्या नावाखाली किती खपवता येतं, ते इतक्या थोडक्या शब्दांत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि स्त्रियांना तर सरसकट बाहेरच ठेवलं. त्यांचा जीव जपायचा होता हे मी समजते. पण बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहत आले आहे, आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या हाती थापी आली, हेही पाहत आले आहे. धोका काढून टाकण्यापेक्षा माणसाला बाहेर काढणं नेहमीच सोपं पडतं.

पांढरं शिसं आता घरगुती रंगांतून बऱ्याच देशांत हद्दपार झालंय. अमेरिकेत १९७८मध्ये बंदी आली. पण जुन्या भिंतींवर आणि चौकटींवर ते थरांखाली बसून आहे. कोरडं घासलं की ते हवेत उडतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९मध्येच रंगाऱ्याचं काम हे कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. एखादं एकटं रसायन नव्हे, अख्खा व्यवसाय. दगड, टाइल कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीचं तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापणाऱ्यांची तरुण फुप्फुसं निकामी व्हायला लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून तो दगडच बंद केला.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी पत्र्याच्याही आधी मास्क येतो. कापडाचा नव्हे, धूळ खरोखर अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. जुना रंग ओला करूनच घासायचा, टाइल पाण्याखालीच कापायची, कोरडा झाडू मारायचा नाही. मुलं कुरकुर करतात, मास्कमध्ये घाम येतो, जुने कारागीर हसतात. एकाने मला तोंडावर सांगितलं, आम्ही तीस वर्षं विनामास्क काम केलं, काय झालं? तो बोलताना दर वाक्याला खोकत होता. शिकणाऱ्याला आज काही होत नाही, म्हणून त्याला ते पटत नाही. ज्याला उद्याचं माहीत आहे त्याने ते आज त्याच्या वतीने ठरवायचं, उस्ताद असण्याचा निम्मा अर्थ मला हाच वाटतो. बाकी निम्मा म्हणजे त्याला त्याची जुनी भिंत दाखवणं.

काम घेतानाच मी मालकांशी बोलून ठेवते की वर्षाभराने आम्ही येऊन बघणार. पैशासाठी नाही, दुरुस्ती शोधायलाही नाही. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. शिकणाऱ्यांना वही ठेवायला लावते. कुठल्या भिंतीला कधी प्लास्टर झालं, ते किती दिवस सुकू दिलं, प्रायमर कुठला, रंगात पाणी किती, त्या दिवशी हवा कशी होती. कामाच्या धावपळीत हे लिहिणं त्यांना नकोसं होतं. वर्षाने तीच वही घेऊन त्याच खोलीत उभं राहिलं, की मग पानं उलटायला लागतात.

अशाच एका फेरीत एका मुलीला तिने स्वतः घासलेल्या, स्वतः रंगवलेल्या भिंतीवर खिडकीखाली हातभर पट्ट्यात लोणा धरलेला दिसला. पांढरी, कुरकुरीत भुकटी, आणि वर रंगाचे फोड. तिचा चेहरा पडला. तिने वही काढली. प्लास्टर सुकायला पुरेसा वेळ दिलेला, प्रायमर वेळेवर, पाणी मापात. तिच्या कामात चूक सापडेना. मग आम्ही बाहेरून जाऊन पाहिलं. खिडकीच्या बाहेरच्या पट्टीला खालच्या अंगाने खाच नव्हती. ती असली की पाणी तिथे तुटून थेंबाथेंबाने खाली पडतं, नसली की पट्टीच्या पोटाला चिकटून भिंतीत शिरतं. रंगाचा त्यात काहीच दोष नव्हता. पण रंगकाम सुरू करण्याआधी कुणी ती पट्टी बोटाने चाचपली असती तर गवंड्याला बोलावता आलं असतं, आणि ते चाचपणं रंगाऱ्याचंच काम आहे, कारण त्याच्यानंतर तिथे कुणी येत नाही. ती मुलगी आता कुठल्याही कामावर गेली की पुट्टी उघडण्याआधी सगळ्या खिडक्या उघडून बाहेर हात घालते. मी तिला तसं करायला कधी सांगितलेलं नाही.

गवंड्याकडून खाच पाडून घेतली, भिंत पुरेशी सुकू दिली, लोणा कोरड्या ब्रशने काढला, मास्क लावून अर्थातच, आणि तेवढा भाग पुन्हा केला. अशा फेऱ्यांच्या दिवसांची मजुरी मी शिकणाऱ्यांना पूर्ण देते. कामाचे दर सांगताना ती आधीच धरलेली असते. एखादं काम त्यामुळे दुसऱ्याकडे जातं, कारण त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी असतो. ज्यांना दर जास्त वाटतो त्यांना मी ती वही उघडून दाखवते आणि वर्षभर जुन्या एखाद्या कामाचा पत्ता देते, त्या घरच्यांना आधी विचारून. जाऊन भिंतीला हात लावून बघा म्हणते.